वाचकांचे प्रश्न : बाळाला दूध पुरते की नाही, हे कशावरून ठरवायचे?

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह असतो आणि त्या सुमारास या सदराकडे तान्ह्या बाळाच्या दुधाविषयीची पत्रे अधिक येतात. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : माझे पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले असून सध्या मी इचलकरंजीला माहेरी आहे. मुलगी अठरा दिवसांची आहे. जन्मतः तिचे वजन २ किलो ९०० ग्रॅम होते, चौथ्या दिवशी घरी सोडताना २ किलो ७०० ग्रॅम भरले आणि काल ३ किलो ५० ग्रॅम भरले. संध्याकाळी सहापासून रात्री दहापर्यंत ती सारखी अंगावर असते, बाजूला केले की रडते. पंपाने दूध काढून पाहिले तर दोन्ही बाजूंचे मिळून जेमतेम ३० मिलिलिटर निघाले. आई आणि मावशी म्हणतात की माझे दूध पातळ आहे, पुरत नाही, डब्याचे सुरू करावे. मला ते द्यायचे नाही, पण बाळ उपाशी राहत असेल तर?

उत्तर : तुमच्या पत्रात रडण्याविषयी पुष्कळ आणि वजनाविषयी एकच वाक्य आहे, पण निर्णय त्या वाक्यावरच करायला हवा. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बहुतेक बाळांचे वजन घटते. सात टक्क्यांपर्यंतची घट नेहमीची मानतात आणि ती दहा टक्क्यांपलीकडे गेली तर डॉक्टर लगेच लक्ष घालतात. तुमच्या मुलीची घट सात टक्क्यांच्या आतच होती. घटलेले वजन साधारण दोन आठवड्यांत भरून यावे अशी अपेक्षा असते. ते भरून येऊन ती आता जन्मवजनाच्या दीडशे ग्रॅम पुढे गेली आहे. घरी आल्यापासूनच्या चौदा दिवसांत ३५० ग्रॅम, म्हणजे दिवसाला २५ ग्रॅम वाढ झाली. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ असावी असे मानतात. तेव्हा तुमची मुलगी उपाशी नाही. तिच्या पोटात वरचे काही गेलेले नसताना ही वाढ झाली, ती तुमच्याच दुधावर झाली.

दुसरी खूण लंगोटाची आहे. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, ती फिकट रंगाची असेल आणि शी पिवळी, पातळसर होत असेल, तर दूध पोटात जात आहे. आईला आणि मावशींना पटवायचे असेल, तर दोन दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लघवीच्या खुणा करून ठेवाव्यात. वडीलधाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा ते सोपे जाते.

आता संध्याकाळच्या रडण्याविषयी. पहिल्या दोन-तीन महिन्यांत पुष्कळ बाळे दिवसाच्या उतरत्या भागात घटकाघटकाने पितात, पाच मिनिटे झोपतात, पुन्हा मागतात. छाती अशा वेळी मऊ, रिकामी वाटते आणि त्यामुळेच ‘दूध आटले’ असा समज होतो. वास्तविक स्तन ही साठवणुकीची टाकी नाही. बाळ पीत असतानाही दूध तयार होत राहते आणि स्तन जितका अधिक रिकामा होतो तितके दूध अधिक वेगाने तयार होते. याच्या उलट, संध्याकाळी वाटीभर वरचे दूध दिले की बाळ तीन-चार तास गाढ झोपते, घरातले सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि त्या तीन-चार तासांत अंगावर न ओढल्यामुळे शरीराला कमी दुधाची मागणी पोहोचते. दुसऱ्या दिवशी दूध खरोखरच थोडे कमी येते, वाटी थोडी मोठी होते, आणि महिनाभरात ‘आमच्या मुलीला दूधच नव्हते’ हे वाक्य घरात कायमचे राहून जाते. वरचे दूध सुरू करण्याचा निर्णय अनेक घरांत कोणी घेतलेलाच नसतो. तो असा चमच्याचमच्याने होऊन जातो. आमचा आक्षेप आहे तो याला.

पंपात ३० मिलिलिटर आले, यावरून बाळाला तेवढेच मिळते असे ठरत नाही. यंत्राने पान्हा फुटायला सवय लागते. नीट तोंडात धरलेले बाळ पंपापेक्षा बरेच अधिक दूध ओढू शकते. शिवाय तुम्ही बाळ पिऊन झाल्यावर पंप लावला असेल, तर जे निघाले ते उरलेले होते. दूध पातळ दिसण्याचेही असेच आहे. सुरुवातीला येणारे दूध निळसर, पातळ असते आणि स्तन रिकामा होत जाईल तसे त्यातील स्निग्धांश वाढतो, म्हणून एक बाजू पुरती संपू द्यावी आणि मग दुसरी पुढे करावी.

बाळाने स्तन कसा धरला आहे, हे मात्र एकदा जाणकाराकडून पाहून घ्यावे. तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग बाळाच्या वरच्या ओठाच्या बाजूला अधिक व खालच्या बाजूला कमी दिसत असेल, तर पकड योग्य आहे. पाजताना स्तनाग्र दुखत असेल, चिरले असेल किंवा सोडल्यावर चपटे झालेले दिसत असेल, तर पकड चुकते आहे. टाके ओढत असतील तर बाळाला पोटावर न घेता काखेच्या बाजूने आडवे धरावे किंवा कुशीवर झोपून पाजावे. रात्रीचे पाजणे टाळू नये, कारण दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण रात्री अधिक असते. अळिवाचे आणि डिंकाचे लाडू खुशाल खावेत, बाळंतिणीला ताकद हवीच. परंतु लाडवाने दूध वाढते असे छातीठोकपणे सांगता येत नाही, बाळाच्या ओढण्याने वाढते हे सांगता येते.

डॉक्टरांकडे केव्हा धावायचे तेही लिहून ठेवतो. बाळ पिण्यासाठीसुद्धा उठत नसेल, लघवी दिवसाला चार वेळांहून कमी होत असेल, कावीळ वाढताना दिसत असेल किंवा पुढच्या वजनात वाढ थांबलेली आढळली, तर त्याच दिवशी दाखवावे. अशा बाळाला पूरक दूध लागते आणि ते देण्यात आईचा पराभव नाही. त्यातही पहिली पसंती आईच्याच काढलेल्या दुधाला असते, त्यानंतर दुग्धपेढीतील दुधाला आणि मग डब्याच्या दुधाला. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली. ती आशियातील पहिली मानली जाते. अशा पेढ्यांत दान केलेले दूध ६२.५ अंश सेल्सियसवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात आणि ते प्रामुख्याने कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांसाठी राखून ठेवलेले असते.

प्रश्न : आम्ही पुण्यात राहतो. खासगी रुग्णालयातून पत्नीला घरी सोडताना एका कर्मचाऱ्याने पावडरच्या दुधाचा डबा पिशवीत घालून दिला. ‘लागलाच तर असू द्या’ म्हणाले, पैसे घेतले नाहीत. बाळाला काही त्रास नव्हता. यात गैर काही आहे का?

उत्तर : आहे. फुकट दिला म्हणून अधिकच आहे. बाळाच्या दुधाचे पर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि शिशुआहार यांच्या विक्रीचे नियमन करणारा केंद्रीय कायदा १९९२ साली झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या अशा उत्पादनांची जाहिरात करणे, मोफत नमुने वाटणे, रुग्णालयात त्यांची भित्तिपत्रके लावणे, विक्रीसाठी गर्भवतीशी किंवा बाळाच्या आईशी संपर्क साधणे, डॉक्टरांना वा परिचारिकांना भेटी देणे, या सर्व गोष्टींना त्यात मनाई आहे. डब्यावर बाळाचे किंवा बाईचे चित्र छापता येत नाही आणि आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम असल्याचे ठळक अक्षरांत छापावे लागते. मोफत नमुने वाटणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पाच हजारांची भीती आज कोणत्या कंपनीला वाटेल, हे वेगळे सांगायला नको.

तुमच्या घरी तो डबा बहुधा रात्री दोन वाजता उघडला जाईल. बाळ रडत आहे, पत्नी थकली आहे, दुकाने बंद आहेत आणि डबा मात्र कपाटात आहे, अशी ती वेळ असते. नमुना देणाऱ्याला ती ठाऊक असते. डबा परत करावा आणि रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार द्यावी. या कायद्याखाली तक्रारी पुढे नेण्यासाठी केंद्र सरकारने काही स्वयंसेवी संस्थांना अधिकार दिले आहेत. ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया ही त्यांपैकी एक आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्यावी, की हा कायदा विक्रेत्यांसाठी आहे, आयांसाठी नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने डबा विकत घेणारी आई कोणताही नियम मोडत नाही.

प्रश्न : मी ठाण्याची. मला बत्तिसाव्या आठवड्यात जुळे झाले. प्रसूतीत रक्तस्राव फार झाला, मुले तीन आठवडे काचेच्या पेटीत होती आणि पुष्कळ प्रयत्न करूनही माझे दूध नावापुरतेच आले. आता मुले तीन महिन्यांची आहेत, पूर्णपणे डॉक्टरांनी सांगितलेल्या डब्याच्या दुधावर आहेत, वजने ठीक आहेत. येणारा प्रत्येक पाहुणा ‘आईचे दूध नाही, पोरे नाजूक राहणार’ असे म्हणून जातो. मुलांचे खरोखर किती नुकसान झाले? आणि सासूबाई पावडर थोडी कमी घालतात, जड पडते म्हणून. ते चालेल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते अधिक तातडीचे आहे. चालणार नाही. पाणी वाढवले की पोट भरते पण उष्मांक आणि क्षार कमी पडतात, वाढ मागे राहते, आणि दूध फारच पातळ झाले तर रक्तातील सोडियम घसरून बाळाला झटकेसुद्धा येऊ शकतात. पावडर दाबून भरली किंवा माप शिगोशिग घेतले, तर उलट दिशेचा त्रास होतो. बहुतेक डब्यांचे माप ३० मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा असे असते. तुमच्या डब्यावर जे छापले असेल तेच पाळावे आणि त्याच डब्यातला चमचा वापरावा. पैशाचा विचारही यामागे असू शकतो आणि तो समजण्यासारखा आहे. ४०० ग्रॅमच्या डब्यातून साधारण पावणेतीन ते तीन लिटर दूध होते, चार-चार किलोची दोन बाळे दिवसाला मिळून सव्वा लिटरच्या आसपास पितात, म्हणजे डबा दोन-सव्वादोन दिवसांत संपतो. खर्च झेपत नसेल तर तसे बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट सांगावे. कमी किमतीचा योग्य डबा सुचवता येतो. पावडर कमी करणे हा मात्र काटकसरीचा मार्ग नव्हे.

पावडर निर्जंतुक नसते, ही बाब डबा घेणाऱ्या फार थोड्या घरांना सांगितली जाते. तिच्यात क्वचित असणारे जंतू कमी दिवसांच्या बाळांना घातक ठरू शकतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची सूचना अशी आहे की पाणी खळखळून उकळावे, अर्ध्या तासाहून अधिक थांबू नये आणि ते किमान ७० अंश गरम असतानाच त्यात पावडर घालावी. मग भांडे गार पाण्यात धरून दूध कोमट करावे, मनगटावर थेंब टाकून पाहावे आणि पाजावे. तयार दूध दोन तासांत संपले नाही तर टाकून द्यावे; बाळाने तोंड लावलेले उरलेले दूध तर पुन्हा देऊच नये. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, कारण तो घासायला आणि उकळायला सोपा असतो. बाटलीच्या बुचाच्या आतल्या आट्यांत साय वाळून बसते, ती अनेकदा दिसतही नाही.

आता नुकसानीविषयी. आईच्या दुधात बाळाला जंतुसंसर्गापासून वाचवणारी प्रतिद्रव्ये असतात, ती डब्यात घालता येत नाहीत. जुलाब, कानाचे आणि श्वसनाचे संसर्ग अंगावर पिणाऱ्या मुलांत कमी आढळतात. ही वस्तुस्थिती आहे आणि ती तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. मात्र या फायद्यांचे आकारमान घरच्या गप्पांत वाटते तेवढे प्रत्येक बाबतीत नसते. बेलारूस देशात १९९६-९७ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ३१ प्रसूतिगृहांतील सतरा हजारांहून अधिक माता व बाळे होती; काही प्रसूतिगृहांत स्तनपानासाठी विशेष मदत दिली गेली, काहींत नेहमीची पद्धत चालू राहिली. पहिल्या वर्षात पोटाचे संसर्ग झालेल्या बाळांचे प्रमाण मदत मिळालेल्या गटात ९.१ टक्के आणि दुसऱ्या गटात १३.२ टक्के निघाले, इसबाचेही प्रमाण कमी झाले. श्वसनाच्या संसर्गात मात्र फरक दिसला नाही, आणि पुढे मुले मोठी झाल्यावर लठ्ठपणातही दिसला नाही. म्हणजे फरक आहे, पण डब्यावरच्या मुलाची तब्येत कायमची खालावते असे नाही. आपल्याकडे पाणी दूषित असेल तर पोटाच्या संसर्गाचा धोका पुष्कळ वाढतो, आणि म्हणूनच उकळण्याविषयी इतके सविस्तर लिहिले.

प्रसूतीतला मोठा रक्तस्राव हे दूध न येण्याचे वैद्यकशास्त्राला ठाऊक असलेले कारण आहे. थायरॉइडचे विकार, स्तनांची झालेली शस्त्रक्रिया, स्तनातील दूध तयार करणाऱ्या ग्रंथींची अपुरी वाढ हीदेखील तशीच कारणे आहेत. तुमची इच्छा कमी पडली असे यातून कोणालाही म्हणता येणार नाही. पाहुण्यांना मुलांच्या वजनाचा तक्ता दाखवावा. न दाखवता चहा देऊन वाटेला लावले तरी हरकत नाही. जे थोडे दूध येते ते पाजायचे असेल तर जरूर पाजावे, थोड्याचाही उपयोग आहे.

प्रश्न : मी अकोल्याची, वय ६६. माझी तिन्ही मुले गाईच्या दुधात पाणी घालून बोंडल्याने वाढली, कोणाला काही झाले नाही. सून दोन महिन्यांच्या नातवाला अंगावर पाजते ते ठीक, पण मे महिन्याच्या उन्हात पाणीसुद्धा देत नाही, मध चाटवू देत नाही, गुटीही नको म्हणते. एवढे कडक कशाला?

उत्तर : आजी, तुमच्या सूनबाई बरोबर आहेत. आईच्या दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असते आणि उन्हाळ्यात बाळ अधिक वेळा पिऊन आपली तहान भागवते. सहा महिन्यांपर्यंत वेगळे पाणी लागत नाही, अकोल्यातही नाही. तुम्हाला तहानेची काळजी वाटते ती रास्त आहे, म्हणून सूनबाईंना तांब्याभर पाणी जवळ ठेवून पाजायला बसवावे. मधात असलेल्या एका जंतूच्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतील बाळाला स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो, म्हणून वर्षभर मध नको. गुटीत काय उगाळले जाते, सहाण किती स्वच्छ आहे, यावर कोणाचाच ताबा नसतो. गाईच्या दुधात प्रथिने आईच्या दुधाच्या तिप्पट असतात, म्हशीच्या दुधात त्याहूनही अधिक. तान्ह्या मूत्रपिंडांना ती झेपत नाहीत, आणि पाणी घातले की प्रथिनांबरोबर ताकदही कमी होते. शिवाय त्यात लोह फार थोडे असते. तुमची मुले निभावली याचा आनंदच आहे. त्या काळी जुलाबाने गेलेली तान्ही मुलेही तुमच्या पाहण्यात असतील. डॉक्टरांनी सांगितले असेल तर ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र रोज द्यावेत, कारण ते आईच्या दुधात पुरेसे नसते.

प्रश्न : मी नाशिकला एका विमा कंपनीत नोकरी करते. बाळंतपणाच्या सहा आठवडे आधी रजा घेतली होती, त्यामुळे मुलगा साधारण पाच महिन्यांचा असताना कामावर जावे लागेल. येण्याजाण्यासह दहा तास घराबाहेर असेन. सहकारी सांगतात की आतापासूनच डब्याची सवय लाव, दोन्हीची कसरत जमत नाही. खरे आहे का?

उत्तर : कसरत आहेच, ती जमत नाही हे मात्र खरे नाही. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा प्रसूती लाभ अधिनियमाच्या २०१७ च्या दुरुस्तीने मिळाली, ती आपण बाळंतपणाआधीपासून मोजता, म्हणून सहा महिन्यांचे गणित चुकते. शिल्लक रजा जोडता आली तर अवश्य जोडावी. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत दूध पाजण्यासाठी दोन विश्रांतीच्या वेळा देण्याची तरतूद त्या अधिनियमात पहिल्यापासून होती आणि ती आजही कायम आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर आणि तेथे दिवसातून चार फेऱ्या, ही २०१७ ची भर आहे. तुमचे कार्यालय लहान असेल तर पाळणाघर मिळणार नाही, पण दोन वेळा मिळतील. त्या दूध काढण्यासाठी वापरता येतात. रुजू होण्याआधीच मनुष्यबळ विभागाला लेखी कळवावे आणि आतून कडी लागणारी एखादी खोली मागून घ्यावी. रायगडचा कडा उतरून बाळाकडे गेलेल्या हिरकणीच्या नावाने एस.टी. स्थानकांवर स्तनपानासाठी कक्ष काढले गेले आहेत. कार्यालयांना तेवढे जमायला हरकत नाही.

दहा तासांत बाळाला किती लागेल, तर पाच महिन्यांचे बाळ दिवसरात्रीत सुमारे ७५० मिलिलिटर पिते असे धरले तर ३०० मिलिलिटर, म्हणजे शंभर-शंभरच्या तीन वाट्या. त्यांतील एक सकाळी निघण्यापूर्वी काढून ठेवता येते, उरलेल्या दोन आदल्या दिवशी कार्यालयात काढलेल्या असतात. रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून पहाटे, छाती भरलेली असताना, रोज एकदा दूध काढण्याची सवय ठेवावी. काढलेले दूध २५ अंश तापमानात चार तास टिकते, नाशिकच्या उन्हाळ्यात त्याहून कमी धरावे. फ्रीजमध्ये चार दिवस आणि वेगळ्या दाराच्या फ्रीजरमध्ये सुमारे सहा महिने. डबे दारातल्या कप्प्यात न ठेवता आत मागे ठेवावेत, प्रत्येकावर तारीख लिहावी. देताना डबा कोमट पाण्यात ठेवून दूध गरम करावे, गॅसवर उकळू नये. वर साय आल्यासारखा थर दिसला तर दूध नासले असे नव्हे, हलक्या हाताने ढवळले की तो मिसळतो. सांभाळणाऱ्या व्यक्तीने वाटी-चमच्याने पाजण्याचा सराव तुम्ही घरी असतानाच सुरू करावा, आणि पाजताना तुम्ही शक्यतो दुसऱ्या खोलीत असावे. आई समोर दिसत असेल तर बाळ चमच्याकडे पाहतही नाही.

हे सारे करूनही एखाद्या महिन्यात दूध पुरेसे निघाले नाही, तर दिवसा एक वाटी डब्याचे आणि उरलेला वेळ अंगावरचे, असे दोन्ही चालवता येते. सहा महिने पूर्ण झाले की भाताची मऊ पेज, वरण, कुस्करलेले केळे सुरू होईल आणि दिवसाची एक वाटी आपोआप कमी होईल. कामावरून आल्याबरोबर, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी पूर्णपणे अंगावर पाजत राहिलात तर दूध टिकते. पहिल्या आठवड्यात कार्यालयात जाताना गडद रंगाचा कुर्ता घालावा आणि सुती पट्ट्या जवळ ठेवाव्यात, कारण दुपारी बाराच्या सुमारास घरच्या वेळेला पान्हा फुटतोच. सोमवारऐवजी गुरुवारी रुजू होता आले तर पाहावे. दोन दिवसांनी शनिवार येतो आणि काय कमी पडले ते कळून चुकते.